पडद्यावरचे आजारपण आणि घरातले आजारी

वाचकहो, आज आपल्यापैकी ज्यांचे वय सत्तरीच्या आसपास आहे, ते १९७० ते १९८० या दशकात ऐन तारुण्यात होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यासाठी १ मे १९९९ हा दिवस उजाडावा लागला. गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर मीटरगेजच्या गाडीने पूर्णा जंक्शन गाठायचे आणि पुढचा प्रवास करायचा, अशी परिस्थिती होती. खेड्यापाड्यांत डॉक्टर क्वचितच दिसत आणि आरोग्याविषयी मराठीत वाचायला फारसे काही मिळत नसे. चित्रपट मात्र तालुक्याच्या टॉकीजपासून यात्रेतल्या तंबूपर्यंत सर्वत्र पोहोचला होता. त्यामुळे ‘कॅन्सर’, ‘ब्रेन ट्यूमर’, ‘हार्ट अटॅक’ हे शब्द या पिढीतल्या अनेकांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याआधी पडद्यावर ऐकले.

ते चित्रपट करमणुकीसाठी होते, हे मान्य. त्यांच्यावर वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे ओझे लादणे न्यायाचे नाही. तरीही तरुणपणी मनावर उमटलेले चित्र सहजी पुसले जात नाही. आजार झाल्यावर रुग्णाला काय सांगायचे, रक्त कोणी द्यायचे, छातीत दुखले तर काय समजायचे, याविषयीच्या कितीतरी समजुती आजही दवाखान्यात ऐकू येतात आणि त्यांचा माग काढला तर तो त्या दशकाच्या चित्रपटांपर्यंत जातो. म्हणून त्यांतल्या काहींकडे आज डॉक्टरच्या नजरेने पुन्हा पाहू या.

‘त्यांना काही सांगू नका’

हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ १९७१ साली आला. राजेश खन्नांनी साकारलेल्या आनंदला आतड्याचा ‘लिम्फोसार्कोमा’ झालेला असतो. या चित्रपटाचे मोठेपण असे की, आनंदला आपला आजार ठाऊक आहे. त्याच्यापासून कोणी काही लपवत नाही. उरलेले दिवस कसे घालवायचे, हे तो स्वतः ठरवतो. त्याउलट त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या ‘सफर’मधला नायक आपला कर्करोग आपल्या माणसांपासून लपवतो आणि ते लपवणे त्यागाचे लक्षण म्हणून आपल्यासमोर येते.

आपल्या घरांनी दुर्दैवाने ‘आनंद’पेक्षा ‘सफर’चा धडा अधिक गिरवला. तपासणीचा कागद हाती आला की मुलगा खोलीबाहेर येऊन हळूच म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, अण्णांना काही सांगू नका, ते खचून जातील.’ यामागची माया खरी असते. परंतु अण्णांना न कळण्याची शक्यता फार थोडी असते. घरात अचानक सुरू झालेली कुजबुज, परगावाहून आलेली लेक, सुनेचे सुजलेले डोळे हे सारे त्यांना दिसत असते. मग तेही काही न कळल्याचे सोंग घेतात. घरातली सर्व माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहतात आणि ज्या काळात मनातले बोलायचे, तोच काळ मुक्याने सरतो. जमिनीचे कागद, बँकेतील ठेवी, कोणाला भेटायचे राहिले आहे, उपचार कुठवर घ्यायचे, हे विचारायचे राहून जाते.

उपचारांना संमती देण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. तेव्हा ‘सांगायचे की नाही’ हा प्रश्न आपण परस्पर सोडवू नये. रुग्णालाच विचारावे, ‘तपासणीत काय निघाले ते तुम्हांला सविस्तर ऐकायचे आहे का, की ते आम्ही पाहावे?’ काही आजोबा म्हणतात, ‘सगळे सांगा.’ काही म्हणतात, ‘तुम्ही आणि माझा मुलगा ठरवा.’ दोन्ही उत्तरे योग्यच आहेत, कारण ती त्यांची आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळच्या पडद्यावर कर्करोग म्हणजे निश्चित मरण होते. ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) मधली नायिका रक्ताच्या कर्करोगाने जाते. आनंदच्या आजारासाठी ‘लिम्फोसार्कोमा’ हे नाव आज वापरत नाहीत. तो ‘नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा’ या गटात मोडतो आणि त्यातले अनेक प्रकार आता उपचारांनी बरे होतात किंवा दीर्घकाळ आटोक्यात राहतात. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर २००१ पासून रोज घ्यायच्या गोळ्या उपलब्ध आहेत. त्या घेऊन रुग्ण वर्षानुवर्षे शेतीवाडी सांभाळतात. जिथे आजार बरा होणार नाही, तिथेही वेदना कमी करता येतात. भारतातले पहिले हॉस्पिस, मुंबईचे ‘शांती आवेदना सदन’, १९८६ साली सुरू झाले. आनंदच्या काळात अशी सोय नव्हती. आज वेदनाशामक उपचार मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो मागायला संकोच करू नये.

‘मिली’चा पंडुरोग

हृषीकेश मुखर्जींचाच ‘मिली’ हा चित्रपट १९७५ चा. जया भादुरींची खेळकर मिली हळूहळू कोमेजत जाते. तिला ‘पर्निशियस अॅनिमिया’ झाला आहे असे निदान होते आणि अखेरीस तिला उपचारांसाठी स्वित्झर्लंडला नेतात. प्रेक्षागृहात त्या वेळी किती रुमाल भिजले असतील!

डॉक्टर म्हणून मात्र या चित्रपटापुढे थबकावे लागते. या पंडुरोगात जठरातील एक आवश्यक घटक कमी पडतो आणि त्यामुळे अन्नातले ‘बी-१२’ जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही. एकेकाळी तो खरोखर प्राणघातक होता, म्हणून तर त्याला ‘पर्निशियस’, म्हणजे घातक, हे नाव पडले. परंतु १९२६ साली यकृत खाऊ घालून तो आटोक्यात आणता येतो असे दिसले, त्या शोधासाठी १९३४ चे नोबेल पारितोषिक तिघा संशोधकांना मिळाले आणि १९४८ मध्ये खुद्द बी-१२ वेगळे काढण्यात यश आले. म्हणजे ‘मिली’ पडद्यावर आली तेव्हा तिच्या आजाराचे औषध हाती येऊन २७ वर्षे झाली होती. ठरावीक काळाने घ्यायची इंजेक्शने तिला पुरली असती. त्यासाठी विमानाची गरज नव्हती.

हा दोष केवळ गमतीचा म्हणून सांगत नाही. बी-१२ ची कमतरता आपल्या भागातील ज्येष्ठांमध्ये सहज आढळते. नर्सी नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या या मुलखात माळकरी घरे पुष्कळ आहेत. शाकाहारात हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि घरातल्या वयस्कर बाईच्या वाट्याला तेच सर्वांत कमी येते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्तासाठी रोज गोळी घेणारे यांच्यातही ते कमी होते. मग थकवा येतो, तळपायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटल्यासारखी होते, चालताना तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. घरचे म्हणतात, ‘वय झाले आता.’ वाचकहो, हे वाक्य उच्चारण्याआधी एक साधी रक्ततपासणी करून घ्या. कमतरता वेळीच भरून काढली तर बराच फरक पडतो. उशीर झाला तर नसांना झालेली इजा पूर्णपणे भरून येत नाही. मात्र मेडिकलच्या दुकानातून ‘ताकदीची सुई’ आणून परस्पर टोचून घेऊ नये. उतारवयातील रक्तक्षयामागे पोटातला रक्तस्रावही असू शकतो आणि त्याचे कारण शोधणे अत्यावश्यक असते.

तीन भावांचे रक्त

मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ची (१९७७) श्रेयनामावली कोण विसरेल? तीन तरुण शेजारशेजारच्या खाटांवर पडलेले, तिघांचे रक्त नळ्यांतून एकाच वेळी निघून थेट एका बाईच्या शरीरात जाते आणि ती त्यांची आई असते. एकात्मतेचे प्रतीक म्हणून हे दृश्य मनाला भिडते. वैद्यकीय दृष्ट्या त्यातले काहीच खरे नाही. रक्तगट जुळवणे, दात्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताची एकत्र चाचणी घेणे, दात्याच्या रक्तात कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, गुप्तरोग व हिवताप यांचा शोध घेणे, या सर्व पायऱ्यांनंतरच रक्त रुग्णाला देतात.

विशेष म्हणजे आई-मुलगा, भाऊ-बहीण अशा सख्ख्या नात्यातले रक्त अधिक चांगले, ही समजूतही चुकीची आहे. जवळच्या नात्यातील रक्ताने दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवण्याचा एक दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. म्हणून मुलाने रक्तदान अवश्य करावे, पण ते रक्तपेढीत. आईला मिळणारे रक्त परक्याचे असले तरी ते तिच्यासाठी उत्तमच असते.

या चित्रपटाचा पुढचा अध्याय प्रत्यक्ष जीवनात घडला. त्याच दिग्दर्शकाच्या ‘कुली’च्या चित्रीकरणात २६ जुलै १९८२ रोजी अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून आपल्याला कावीळ बी ची लागण झाली, ती पुष्कळ वर्षांनी तपासणीत कळली आणि तोवर यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. व्यावसायिक रक्तदात्यांवर भारतात बंदी आली ती १९९८ पासून. म्हणून वाचकहो, आपणांपैकी ज्यांना त्यापूर्वी रक्त दिले गेले आहे, त्यांनी एकदा कावीळ बी आणि सी ची तपासणी करून घ्यावी. पैकी कावीळ सी आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते.

याच चित्रपटातील आईला क्षयरोग असतो आणि आपण घरावर ओझे होऊ नये म्हणून ती घर सोडते. पुढे तिची दृष्टी जाते आणि चमत्काराने परत येते. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु चमत्काराची वाट पाहत दृष्टी गमावलेले रुग्ण डॉक्टरांना भेटत असतात. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही, केवळ उरलेली वाचवता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घेणे महत्त्वाचे. क्षयरोगाचे म्हणाल, तर त्याची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन ही लक्षणे आईने लपवावीत आणि घराने दुर्लक्षावीत, असा काळ आता राहिलेला नाही.

छातीवरचा हात

त्या काळी चित्रपटातल्या वडिलांना वाईट बातमी कळली की ते डाव्या छातीवर हात ठेवत, दोन वाक्ये बोलत आणि मान टाकत. या दृश्याने दोन गैरसमज रुजवले. एक, हृदयविकाराचा झटका नेहमी धक्क्यामुळेच येतो. दोन, तो आला की छातीत असह्य कळ येतेच.

पहिल्या समजुतीत थोडे तथ्य आहे. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचे स्नायू काही काळ दुबळे होण्याचा एक विकार आहे; जपानी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले आणि तो मुख्यतः पन्नाशीपुढील स्त्रियांत आढळतो. परंतु बहुतेक झटक्यांमागे वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी असते. दुसरी समजूत मात्र घातक आहे. ज्येष्ठांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. एकाएकी दम लागणे, दरदरून घाम येणे, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, जबडा किंवा खांदा दुखणे, कमालीची गळाल्यासारखी अवस्था, एवढीच लक्षणे असतात. घरात सोडा किंवा पित्ताची गोळी देऊन वाट पाहिली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. अशा वेळी रुग्णाला चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे ईसीजीची सोय आहे तिथे तातडीने न्यावे.

धूर, दारू आणि विनोद

त्या दशकातला नायक बिडी वा सिगारेट ओढत असे, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात कोणतीही सूचना येत नसे; ती सक्तीची झाली २०१२ मध्ये. दारूचे चित्रण तर अधिकच फसवे होते. दारू पिऊन आरशाशी बोलणारा अँथनी आणि टाकीवर चढलेला ‘शोले’तला वीरू यांनी आपल्याला पोट धरून हसवले. ‘मिली’तला शेखर प्रेम लाभताच व्यसनातून बाहेर पडू लागतो. प्रत्यक्षात प्रेमाचा आधार लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, आकडी येणे असे प्रकार जीवावर बेतू शकतात. म्हणून व्यसनमुक्ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवी.

याबाबतीत आपल्या मराठी ‘सामना’चे ऋण मान्य केले पाहिजे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला हा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, त्यात मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मारुती कांबळेच्या भूमिकेतले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्यातला मास्तर दारुडा आहे, पण त्याची दारू हसण्यासाठी ठेवलेली नाही. ध्येयवादी माणूस निराशेपोटी कसा ढासळतो आणि तशा अवस्थेतही त्याची सदसद्विवेकबुद्धी कशी जागी राहते, हे त्यात दिसते. व्यसनी माणसात अजून माणूस शिल्लक असतो, हे त्याच्या घरच्यांनी विसरू नये, असे हा चित्रपट न उपदेशता सांगून जातो.

पडद्यावर न आलेली सून

आता सर्वांत महत्त्वाचा आक्षेप. त्या चित्रपटांत रुग्ण मरतात, पण अंथरुणाला खिळत नाहीत. कोणाच्या पाठीला जखमा होत नाहीत, कोणाची चादर रात्री तीनदा बदलावी लागत नाही, कोणी औषध थुंकून टाकत नाही. मरण देखणे असते आणि अखेरच्या वाक्यापर्यंत आवाज स्पष्ट असतो. साहजिकच शुश्रूषा करणारी व्यक्ती पडद्यावर कुठेच दिसत नाही. दिसते ती आई. ती शिवणयंत्रावर रात्री जागवते, स्वतः उपाशी राहते, दुखणे अंगावर काढते आणि त्यासाठी तिला देवत्व मिळते.

या देवत्वाची किंमत आपल्या घरांतील स्त्रिया आजही मोजत आहेत. सासऱ्यांची सेवा करणारी साठीची सून स्वतःचा रक्तदाब तपासायला येत नाही, कारण ‘मला काय होतंय’ असे तिला वाटते. घरातल्यांनी तिची पाठ थोपटून थांबू नये. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असेल, तर रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाने केवळ पैसे न पाठवता महिन्यातून काही दिवस येऊन रुग्णाजवळ राहावे आणि त्या दिवसांत वहिनीला झोप मिळू द्यावी. शुश्रूषा करणारी व्यक्ती आजारी पडली, तर त्या घरात दोन रुग्ण होतात.

या संदर्भात ‘बावर्ची’ (१९७२) पुन्हा पाहण्याजोगा आहे. भरल्या घरात वृद्ध आजोबा आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नाही. बाहेरून आलेला एक आचारी त्यांची विचारपूस करतो आणि घर बदलू लागते. परंतु प्रत्येक घरी असा रघू येत नाही. ज्यांच्या घरात कोणीच विचारपूस करत नाही, अशा ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. मन फार उदास होत असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून बोलता येते. ‘खिलौना’त (१९७०) मनोरुग्णाला बरे करण्यासाठी नर्तकीला घरी आणतात, आपल्याला त्याऐवजी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचे आहे, एवढे लक्षात ठेवावे.

पुन्हा पाहताना

मग हे चित्रपट पाहायचेच नाहीत का? अवश्य पाहावेत, आणि शक्यतो घरातल्या ज्येष्ठांसोबत पाहावेत. स्मृतिभ्रंश झालेल्या कित्येक व्यक्तींना सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण तरुणपणीचे गाणे लागले की ओठ हलू लागतात. संगीताची आठवण बऱ्याचदा इतर आठवणींपेक्षा उशिरापर्यंत टिकते. अशा वेळी आवाज मोठा करून टीव्हीसमोर त्यांना एकटे बसवू नये. शेजारी बसावे, हा चित्रपट कुठे पाहिला, सोबत कोण होते, तिकीट किती होते, असे विचारावे. उत्तर चुकले तरी दुरुस्त करू नये.

जी गोष्ट थेट बोलायला जीभ रेटत नाही, तिला चित्रपटाचे निमित्त पुरते. ‘आनंद’ संपल्यावर आजोबांना सहज विचारता येईल, ‘तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हांला सगळे कळायला हवे होते का?’ प्रकृती ठणठणीत असतानाच हा प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर नीट ऐकून लक्षात ठेवावे. पुढे कधी तो प्रसंग आलाच, तर दाराबाहेर कुजबुजत निर्णय घेण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.